टिचकीमामांचा बद्द माठ

आमच्या पहिल्याच भेटीत टिचकीमामांनी माझ्या कपाळावर टिचकी मारली. मी सेलूच्या हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. अंगात नवा शर्ट होता आणि डोक्यात आपण कलावंत असल्याची पक्की समजूत होती. माठ घ्यायला म्हणून कुंभारवाड्यात गेलो, तर समोर साठीकडे झुकलेला, काडीसारखा वाळलेला आणि कोपरापर्यंत चिखलाने माखलेला एक माणूस उभा. त्याने माठ दाखवण्याआधी मलाच वाजवून पाहिलं, कान जरा तिरका केला आणि आत बसलेल्या बायकोला निकाल ऐकवला, "कच्चं हाय अजून. पर भेग न्हाई. ह्येला चांगला माठ दे."

त्यांचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असतं तर मी सांगितलं असतं, पण ते शाळेत गेलेच नव्हते. अख्खं गाव त्यांना टिचकीमामा म्हणायचं. दिसेल ती वस्तू ते वाजवून बघत. कलिंगड तर तुम्ही-आम्हीही वाजवतो. मामा हॉटेलातला स्टीलचा गिलास वाजवत, दाराची फळी वाजवत, नव्या सुनेने आणलेला हंडा वाजवत. एकदा आम्ही परभणीला निघालो होतो. मामांनी एसटीत चढण्याआधी तिच्या पत्र्यावर टिचकी मारली आणि पाय खाली घेतला. "मास्तर, ही फुडं जात न्हाई." मी हसत हसत चढलो. मानवतच्या अलीकडे त्या गाडीने असा काही आचका दिला की उरलेला रस्ता आम्ही प्रवाशांनी ऊन खात काढला. आणखी एकदा मतं मागायला आलेल्या एका ढेरपोट्या उमेदवाराने मामांना मिठी मारली. मिठीतल्या मिठीत मामांनी त्याच्या पोटावर टिचकी मारली आणि सगळ्या कार्यकर्त्यांदेखत जाहीर केलं, "बद्द!"

बाकी सगळीकडे ही गंमत होती. स्वतःच्या मडक्यांपाशी आले की मात्र मामांचा चेहरा बदलायचा. मडकी भाजायचा आवा उघडला की ते उकिडवे बसत आणि एकेक मडकं डाव्या हातावर घेऊन उजव्याने वाजवत. खणकन वाजलं की ते मामींकडे जायचं. बद्द वाजलं की त्यात कुठेतरी भेग आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. मग मामा जवळची लाकडी थापटी उचलून ते तिथल्या तिथे फोडत. त्याची खापरं पुढच्या आव्यावर झाकण म्हणून घालत. मी एकदा म्हटलं, "मामा, एवढीशी भेग! धान्य ठेवायला नेईल की कुणीतरी." ते म्हणाले, "मास्तर, बद्द मडकं घरात ठिवलं की एक दिवस ते गिऱ्हाइकाच्या घरी जातंय. त्याला पाय फुटतेत. मनून त्याला रात काढू द्यायची न्हाई."

एकदा मयताचं मडकं न्यायला एकजण घाईत आला. मामांनी एक वाजवलं, बाजूला ठेवलं. दुसरं वाजवलं, तेही बाजूला. तो माणूस कावला, "अवो मामा, नेऊन फोडायचंच हाय ना ते!" मामांनी तिसरं हातात घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "फोडायचं हाय मनून काय झालं? त्या मानसाची दुनियेतली शेवटची वस्तू हाय ती. ती बद्द देऊ का मी?" तिसरं खणकन वाजलं, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली.

नामांतराचे मोर्चे आणि बंद चालू होते, त्याच वर्षांत मामांचा धंदा हळूहळू विझायला लागला होता. बायका प्लास्टिकच्या घागरी घेऊन नळावर जायला लागल्या. लग्नाच्या रुखवतात स्टील आलं. ज्या तळ्यातून कुंभारवाड्याच्या पिढ्यांनी माती आणली, ते बुजवून तिथे प्लॉट पाडले गेले, आणि मामांना गाढवं घेऊन दोन कोस लांब जावं लागे. संक्रांतीची सुगडं, दिवाळीच्या पणत्या आणि उन्हाळ्याचे माठ, एवढ्यावर वर्ष निघेना. पाथरीच्या रस्त्यावर वीटभट्ट्या लागल्या होत्या. तिथला मुकादम मामांच्या दारात दोनदा येऊन गेला होता. "मामा, माती कळणारी मानसं लागतेत आमाला. मामींलाबी घेऊन या." मामांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. नंतर मला म्हणाले, "मास्तर, चाकावर माती माझं ऐकती अन् मी तिचं ऐकतो. तिथं साच्यात कोंबायची. दिवसभर कोंबायची अन् कुनाशी बोलायचं न्हाई. मी येडा होऊन मरंन." हे बोलताना ते हसले नाहीत. कुठलीही वस्तू न वाजवता सलग इतकं बोललेले मामा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

अशात शाळेत एक पत्रक आलं. मोठ्या शहरात मातीच्या कलेचं एक केंद्र निघालं होतं. तिथे नव्या पद्धतीची शिल्पं आणि भांडी करणारे शिकले-सवरलेले कलावंत होते, आणि त्यांच्याबरोबर काम करायला पिढीजात कुंभार हवा होता. महिन्याचा पगार, राहायला खोली, माती दारात, चाक विजेवर चालणारं. मी उडालोच. त्याच दिवशी मामांच्या वतीने असं काही पत्र लिहिलं की ते वाचून दगडालाही माती व्हावंसं वाटलं असतं. दिवाळी उलटल्यावर केंद्रातल्या एक बाई खरोखरच जीपमधून मामांच्या अंगणात उतरल्या.

आखूड केस, खादीचा झब्बा, खांद्याला झोळी. उतरल्या त्या सरळ मातीच्या ढिगाशी गेल्या, चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. मामींनी तोंडाला पदर लावला. मामांनी मात्र मला कोपर मारलं. "माती चाखली! बाई आपल्यातली हाय." चहा घेताना बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. जागा एकच आहे. त्या एक भांडं निवडून नेतील, केंद्रातली समिती ते पाहील आणि ठरवेल. मामी पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "खोली पक्की का वो बाई? दार हाय का खोलीला?" त्यांच्या स्वतःच्या घराला तेव्हा दाराच्या जागी बांबूचा तट्ट्या होता.

आता नशीब बघा. आदल्या दिवशीच अवकाळी पावसाची एक सर जळत्या आव्यावर पडून गेली होती आणि अर्धा माल बिघडला होता. त्यातला एक मोठा माठ भिंतीशी होता. एका बाजूने कमरेत लचकलेला, अंगावर काळा, तांबडा आणि राखेचा पांढरा असे रंग एकमेकांत शिरलेले, आणि काठापासून पोटापर्यंत नदीसारखी वळत गेलेली एक भेग. आवा सकाळीच उघडला होता आणि जीप आल्याच्या गडबडीत फोडायचं राहिलं होतं, म्हणून तो अजून जिवंत होता. बाई सगळे चांगले माठ ओलांडून त्याच्यापुढे जाऊन बसल्या.

"हा कुणी केला?"

मामा ओशाळले. "त्याच्याकडं बघू नका बाई. बिघडलंय ते. पावसानं घान केली."

"मला हाच हवा आहे. समितीला दुसरं काही दाखवायची गरजच नाही."

मामा माझ्या कानाशी आले. "मास्तर, बाईला डोळ्यानं कमी दिसतंय का?"

"मामा, त्यांना ती भेगच आवडली आहे."

"कशापायी?"

मग मी, चित्रकलेचा मास्तर, अंगणात उभा राहून हातवारे करत नव्या कलेवर बोललो. आग बोलते, पाऊस बोलतो, भांडं कामातून मोकळं होतं, असं बरंच काही. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग माठ डाव्या हातावर उचलला आणि टिचकी मारली.

"ऐकलंव का बाई? बद्द."

"असू दे," बाई म्हणाल्या.

"असं कसं असू दे? इतक्या लांबून आलाव तुमी. तुमाला बद्द माठ दिला तर चार मानसांत माझं नाव काय घेताल?"

आणि कुणाला काही कळायच्या आत मामांनी थापटी हाणली.

बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. मामा मात्र खूश. इमानदारीने काम केल्याच्या तेजात त्यांनी आपला सगळ्यात देखणा माठ आणून बाईंपुढे ठेवला आणि खणकन वाजवून दाखवला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या खापरं गोळा करत होत्या. सगळ्यांत आधी उमगलं ते मामींना. "अवो," त्या खाली बसत म्हणाल्या, "खोली फोडलीव तुमी. आपली खोली होती ती."

बाई भल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "असे सुंदर माठ माझ्या संग्रही खूप आहेत, मामा. तसा एकही नाही. होळीच्या आत तसा एक करून पाठवा. तोवर तुमची जागा मी धरून ठेवते."

"करतो की," मामा म्हणाले. "बिगडवायला किती येळ लागतोय!"

मंडळी, इथून पुढचे तीन महिने मी जे पाहिलं त्याला हसावं की काय करावं, हे मला अजून कळलेलं नाही. पंचेचाळीस वर्षं चांगलं करण्यात मुरलेला माणूस वाईट करायला बसला. पहिला आवा लावला आणि उघडला, तर सगळे माठ अस्सल. एकाला डाग नाही, भेग नाही, सगळे मंदिरातल्या घंटेसारखे वाजतायत. कुंभारवाड्यातली माणसं जमली. "वा मामा, यंदा काय माल निघालाय!" आणि मामा कपाळ बडवतायत. मामी त्यातला एक माठ पिण्याच्या पाण्याला घरात ठेवायला निघाल्या, तर मामा अंगावर गेले, "त्येला फोडून टाक!" मामींनी माठ छातीशी धरला. "ह्यानं काय पाप केलंय?"

दुसऱ्या आव्यात त्यांनी अर्धवट वाळलेली मडकी घातली. आत फटाके फुटावेत तशी ती फुटली. त्यातून एक अख्खं भांडं निघालं नाही. तिसऱ्या वेळी स्वतः शिडीवर चढून जळत्या आव्यावर बादलीने पाऊस पाडला. वाफेने चेहरा भाजला, आणि आतून निघाले ते नुसते तुकडे. जळण संपलं होतं. जिनिंगवाल्यांकडचा कचरा आणि मागून आणलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या पुरल्या नाहीत, तेव्हा मामींची बाज आव्यात गेली. मामी बाजेचा एक उरलेला पाय हातात घेऊन मला म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या कलेला एवढाबी घालू का?"

मामा एका संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. डोळे खोल गेलेले. "मास्तर, चुकायचं कसं ते शिकवा. तुमच्या वर्गात पोरं रोज चुकतेत, त्यांला कोन शिकवतंय?"

मी तेव्हा पंचविशीचा गाढव होतो. मी म्हटलं, "डोळ्यांवर पट्टी बांधून करून बघा." मामांनी खरोखर मामींच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. डोळे झाकून केलेला माठ आधीच्यांपेक्षा गोल निघाला. मग उजवा हात कमरेला बांधून नुसत्या डाव्याने. तोही चांगला. "हात ऐकत न्हाईत मास्तर," ते चाकापुढे बसून म्हणत होते. "मी मनतो चुका, ते मनतेत कशाला."

होळीला आठ दिवस राहिले. मुकादम तिसऱ्यांदा येऊन गेला. या वेळी मामांनी चहा विचारला नाही. त्या दिवशी त्यांनी एक मोठा माठ घडवला, थापटून जागेवर आणला, आणि ओला असतानाच गुडघ्यात धरून त्याची कमर दाबली. मग मामींकडची गोधडीची सुई मागून घेतली आणि काठापासून पोटापर्यंत तिने एक रेघ ओढली, नदीसारखी वळत जाणारी. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

माठ भाजून निघाला तो हुबेहूब. रंग थोडे फिके, पण कंबर तशी, भेग तशी. मी आनंदाने ओरडलो. मामा त्याच्यापुढे उकिडवे बसले. त्यांचा उजवा हात सवयीने उठला, बोटं जुळली आणि तशीच हवेत थांबली. मग त्यांनी तो हात गुडघ्याखाली दाबून धरला.

सरकीच्या ढिगात नीट बसवून आम्ही माठ खोक्यात बंद केला आणि रेल्वेने रवाना केला. फलाटावर मामांनी विचारलं, "बाई टिचकी मारतील का वो मास्तर?"

"छे! त्यांना आवाजाशी काय करायचंय?"

"न मारलेली बरी," ते म्हणाले.

होळी झाली, पाडवा झाला, आणि खोकं परत आलं. माठ शाबूत होता. बरोबर बाईंचं पत्र. मामांना वाचता येत नव्हतं. मी काहीही वाचू शकलो असतो, आणि माझ्या कल्पनाशक्तीबद्दल गावाला शंका नव्हती. पण शाबूत माठ समोर बसलेला असताना खोटं सुचेना. बाईंनी लिहिलं होतं, "समितीला भांडं दाखवलं, त्यांना त्यातली भेग मुद्दाम पाडलेली वाटली. खरं सांगायचं तर मलाही पेटी उघडताच तसंच वाटलं. मला फार वाईट वाटतं. जागा दुसऱ्या कुंभाराला दिली आहे."

मामी आत निघून गेल्या. मामा माठापुढे उकिडवे बसले. मग म्हणाले, "बाई हुशार हाय. न वाजवता वळखलं तिनं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, कौतुक होतं. खोक्यातली सरकी गोळा करत म्हणाले, "जल्मात एकच बद्द माठ घराबाहेर धाडला. त्योबी वापस आला."

मी थापटी उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मान हलवली. "न्हाई मास्तर. बिघडलेल्याला फोडायचं. ह्ये बिघडलेलं न्हाई, ह्ये मी केलंय. ऱ्हाऊ द्या माझ्यापुढं." तो माठ घराच्या कोपऱ्यात राहिला. मामी त्यात कधी कांदे ठेवत, कधी काहीच नाही.

पावसाळ्यानंतर दोघं वीटभट्टीवर गेली. मी अधूनमधून सायकलने जाई. भट्टीवर विटाही वाजवूनच घेतात. मुकादम दोन विटा एकमेकींवर आपटून बघे. मामा तेव्हा पाठ करून उभे राहत. त्या खोक्यानंतर त्यांनी कुठलीही वस्तू वाजवली नाही. एकदा जाताना मी मुद्दाम कलिंगड नेलं, त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "बघा बरं पिकलंय का." मामा म्हणाले, "कापून बघा की मास्तर." मी माझं कपाळ पुढे केलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, एवढंच. मला वाटतं, खोकं परत आलं त्याच दिवशी मामा गेले होते. पुढची पाच वर्षं भट्टीवर कुणी दुसराच माणूस विटा पाडत होता.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या जानेवारीत मामा गेले. संक्रांत नुकतीच झाली होती. दोघं सणाला घरी आलेली, आणि मामा सकाळी उठलेच नाहीत. रेडिओवर दुसरं बोलणं नव्हतं आणि गाड्यांचा भरवसा नव्हता, त्यामुळे पाथरीहून त्यांचा पुतण्या येईपर्यंत दुपार झाली. तो आला तेव्हा तिरडी बांधून तयार होती. आणि मग मडक्यावरून अडलं.

बाजारातून कुणीतरी एक मडकं आणून ठेवलं होतं. मामी रडत होत्या. रडता रडता त्यांनी ते जवळ ओढलं, टिचकी मारली आणि बाजूला सारलं. "बद्द." दुसरं आणलं. तेही बद्द. कुणीतरी कोपऱ्यातल्या त्या लचकलेल्या माठाला हात घातला. "हे हाय की घरचंच, कोरडं."

"त्येला हात लावू नका," मामी म्हणाल्या. त्या उठल्या, पिण्याच्या पाण्याच्या माठातलं पाणी अंगणात ओतून दिलं आणि तो घेऊन आल्या. मामा फोडायला निघाले होते आणि मामींनी छातीशी धरला होता, तोच हा. त्यांनी टिचकी मारली. बद्द.

माणसं चुळबुळ करू लागली. पुतण्या म्हणाला, "काकू, मयत ताटकळलंय. कोनतंबी चालतंय आता."

"ह्यो ओला हाय," मामी म्हणाल्या. "ओलं मडकं वाजत न्हाई. तुज्या काकानं केलेला हाय ह्यो. वाजल्याबिगर मी त्याला जाऊ द्यायची न्हाई."

त्यांनी चूल पेटवली आणि माठ तिच्यावर उपडा धरला. माणसांची ऐकू येईल अशी कुरकुर चालली होती. मामी माठ फिरवत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी वाजवला. बद्द. पुन्हा चुलीवर धरला. मी शेजारी जाऊन बसलो आणि विस्तव फुंकू लागलो. माठाच्या अंगावरचा गडद रंग हळूहळू वरून उतरत गेला, आणि खालून मामांचा तो तांबूस रंग वर आला. मामींनी माठ उतरवून पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"मास्तर, तुमी मारा."

मी तो डाव्या हातावर घेतला. जरा गरम होता. मामा धरत तसा कान तिरका केला आणि टिचकी मारली.

खणकन आवाज झाला. अंगणातली कुरकुर थांबली.

मामींनी तो पुतण्याच्या हातात दिला. "उचला आता," त्या म्हणाल्या.